गिलाव्यावरील डागांची ओळख

भोपाळला बिट्टन मार्केटजवळच्या एका पोहण्याच्या तलावात पांढऱ्या गिलाव्यावर तपकिरी व काळे ठिपके उठले होते. रखवालदार तेजाब घेऊनच निघाला. मी त्याला थांबविले. हायड्रोक्लोरिक आम्ल डागाबरोबर गिलाव्यातील चुनाही खाते. डागाची जात आधी ओळखावी.

क जीवनसत्त्वाची गोळी तपकिरी ठिपक्यावर पाण्याखालीच दाबून धरली. ठिपका फिका पडला, म्हणजे तो लोहाचा: हे जीवनसत्त्व फेरिक लोहाचे विरघळणारे फेरस करते. काळ्यावर गोळीचा काहीच परिणाम नाही. ब्रशाने खरवडताच मात्र बुळबुळीत हिरवट थर निघाला. ते नीलहरित शैवाल. त्याला आधी घासावे, मगच क्लोरीन द्यावे. वरच्या चिकट आवरणातून क्लोरीन आत शिरत नाही. तपकिरी ठिपक्याखाली बहुधा बांधणीची तार गंजत असते. तेवढा गिलावा फोडून ती कापावी लागते.