घरात कोण कोण असतं?

महिना-दीड महिना खोकला हटत नाही म्हणून कुणी आलं, की औषध लिहिण्याआधी मी विचारतो, घरात कोण कोण असतं? उत्तरात सासू-सासरे येतात, हॉस्टेलवरची मुलगी येते, शिकायला राहिलेला भाचाही येतो. बाल्कनीतल्या पिंजऱ्यातले लव्हबर्ड मात्र कुणी मोजत नाही. त्यांचा आपल्या खोकल्याशी काही संबंध असेल, हे मनातच येत नाही. तेव्हा वाचकहो, यापुढे डॉक्टरांकडे गेलात की घरातल्या चार पायांच्या, पंखांच्या आणि कल्ल्यांच्या मंडळींचीही ओळख करून द्या. प्राणी घालवा असंच डॉक्टर सांगणार, या भीतीने पुष्कळ जण गप्प बसतात. तशी वेळ फार थोड्यांवर येते.

ज्यांच्यावर येते, त्यांच्यापासून सुरुवात करू. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांवरच्या भुकटीची धूळ रोज श्वासावाटे आत जात राहिली, तर काही जणांच्या फुप्फुसांना तिचं वावडं होतं. कोरडा खोकला येतो, जिना चढताना दम लागतो. सुरुवातीला साधा एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, मग दमा समजून पंप चालू होतो आणि पंपाने म्हणावा तसा उतार पडत नाही. या आजाराचं नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. २०१७ साली भारतातला एक मोठा नोंदणी अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या आतल्या जाळीला सूज येऊन ती घट्ट होत जाते, अशा आजारांचे हजारावर रुग्ण त्यात होते आणि त्यांतल्या ४७ टक्क्यांना हेच निदान मिळालं. त्यामागे पक्षी होते, तसे एअर कूलरही होते. मुंबईत दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून २०२५ मध्ये जे रण माजलं, त्यातही हाच आजार चर्चेत होता. पण सोसायटीच्या बैठकीत कबुतरांवर तावातावाने बोलणारा माणूस स्वतःच्या पिंजऱ्याकडे संशयाने बघत नाही.

हे निदान पक्कं झालं, की पक्षी दुसऱ्या घरी द्यायलाच मी सांगतो, आणि तिथे घासाघीस करत नाही. फुप्फुसावर पडलेले व्रण पुन्हा भरून येत नाहीत. बाकीच्यांनी एवढंच करावं: पिंजरा झोपायच्या खोलीत ठेवू नये, तळाचा कागद रोज बदलावा आणि विष्ठा सुकी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. देशी पोपट, म्हणजे आपला मिठू, पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. हे सांगणं डॉक्टरचं काम नव्हे, पण वाड्यातल्या पिंजऱ्यात लहानपणी पाहिलेला मिठू अनेकांच्या मनातून जात नाही, म्हणून सांगून ठेवतो.

मांजराविषयी आपल्याकडे जेवढ्या समजुती आहेत, तेवढ्या दुसऱ्या कुठल्या प्राण्याविषयी नसतील. केस पोटात गेला की दमा होतो, ही सगळ्यांत टिकाऊ. पोटात गेलेला केस निमूट बाहेर पडतो. ॲलर्जी होते ती मांजराच्या लाळेत आणि त्वचेत असणाऱ्या एका प्रथिनामुळे. मांजर दिवसभर स्वतःला चाटत बसतं, लाळ अंगावर वाळते आणि तिचे सूक्ष्म कण घरभर तरंगत राहतात, पडद्यांत आणि गाद्यांत बसतात. मांजर दिल्यानंतरही ते काही महिने घरात टिकतात. म्हणून आठवड्यात फरक पडला नाही तर मांजराला निर्दोष ठरवू नका. सौम्य त्रास असेल तर मांजराला झोपायच्या खोलीत येऊ न देणं आणि चादरी गरम पाण्यात धुणं, एवढ्याने बऱ्याच जणांचं भागतं. अर्थात, ज्याला मांजर सोसत नाही त्याच्याच मांडीवर नेमकं जाऊन बसायचं, हा त्या जातीचा बाणा आहे. त्यावर माझ्याकडे औषध नाही.

सुनेला दिवस गेले की दुसऱ्याच दिवशी मनी घराबाहेर, हाही अन्याय बंद व्हावा. भीती असते टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची, आणि ती निराधार नाही. पोटातल्या बाळाच्या डोळ्यांना आणि मेंदूला त्याने इजा होऊ शकते. पण तो पसरतो कसा, ते बघा. मांजराला पहिल्यांदा लागण झाली की काही आठवडे त्याच्या विष्ठेतून परजीवीची अंडी पडतात, आणि ती अंडी संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो. वाळूचा ट्रे रोज साफ केला, आणि ते काम सुनेऐवजी घरातल्या दुसऱ्या कुणी केलं, तर धोका अगदी थोडा उरतो. घरातच राहणाऱ्या, शिजवलेलं खाणाऱ्या मांजरापेक्षा अर्धकच्चं मटण, न धुतलेली कोथिंबीर आणि कुंडीतली माती यांची काळजी जास्त करायला हवी. ट्रे साफ करायला नवरा तयार होत नसेल, तर ते मला सांगा. चिठ्ठीवर लिहून देतो.

आता चावण्याविषयी. इथे मी थट्टा करणार नाही. घरचा मोती खेळताना चावला, दात लागून रक्त आलं, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण अंदाजाने धुतलं तर पंधरा मिनिटं दोनच भरतात. हळद, तिखट, चुना, तेल काही लावू नका, पट्टी बांधू नका, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. मोतीला लस टोचली असली तरीही या. त्याचं लसीकरणाचं कार्ड सोबत आणा, पुढचं डॉक्टर ठरवतील. मांजराचा ओरखडाही यात आला. कुत्रा दहा दिवस ठणठणीत राहतो का ते पाहायचं असतं, पण ते लस सुरू करून पाहायचं. दहा दिवस वाट बघून मग लस, असं नव्हे. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती आता सोडा. हल्ली लस दंडात किंवा कातडीत देतात, चार-पाच वेळा. जखमेतून रक्त आलं असेल, तर जखमेभोवती वेगळं औषधही टोचावं लागतं. ते चुकवू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

फिशटँकवाल्यांना एकच सांगणं: हाताला जखम असताना टाकीत हात घालू नका. त्या पाण्यातल्या एका जंतूने होणाऱ्या गाठींवर काही महिने औषध घ्यावं लागतं. लाल कानाचं छोटं कासव शुभ म्हणून आणलं असेल, तर त्याच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे, कारण मुलं ती तोंडात घालत. पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाती ते देऊ नका. आणि थाळीएवढं झालं म्हणून तळ्यात नेऊन सोडू नका.

आता सुखाचा भाग. हृदयविकाराच्या ९२ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेणारा एक अभ्यास १९८० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. घरी प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी तिघे दगावले, नसलेल्या ३९ पैकी अकरा. अभ्यास छोटा होता. हृदयासाठी म्हणून कुत्रा आणा असं मी कुणालाही लिहून देणार नाही. पण ज्याने आणला आहे, तो पाऊस असो की कंटाळा, सकाळी सहाला घराबाहेर पडतो, हे मला माझ्या मधुमेही रुग्णांच्या साखरेत दिसतं. कुत्र्याला नोकर फिरवत असेल, तर साखर नोकराची सुधारते. साठी ओलांडलेल्यांनी मात्र साखळी मनगटाला गुंडाळू नये, आणि रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा ठेवावा. पायात आलेल्या मांजराने खुब्याचं हाड मोडल्याची उदाहरणं कुठल्याही हाडांच्या डॉक्टरांना विचारा.

रात्री अकराला फोन येतो, माऊचं अंग गरम लागतंय, पॅरासिटामॉलची पाव गोळी देऊ का? मुळीच नाही. माणसाच्या लिव्हरला ते औषध जसं पचवता येतं, तसं मांजराला येत नाही. छोट्या तुकड्यानेही ते मरू शकतं. कुत्र्यालाही आपल्या डब्यातली कुठलीच वेदनाशामक गोळी देऊ नका. पशुवैद्यांचा नंबर फ्रिजवर लावून ठेवा, आणि अशा वेळी त्यांनाच उठवा.