एका अंड्याचा हिशेब

बाजारात तपकिरी अंडे दिसले की ते गावठी आणि म्हणून अधिक पौष्टिक, अशी आपली समजूत असते. या समजुतीस शास्त्राचा आधार नाही. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर अवलंबून असतो. ऱ्होड आयलंड रेड या अमेरिकन जातीच्या संकरातून सिद्ध झालेल्या, मोठ्या व्यापारी कुक्कुटशाळांतील कोंबड्याही तपकिरीच अंडी घालतात. कवच मुळात पांढरे असते. अंडे बाहेर पडण्यापूर्वीच्या शेवटच्या काही तासांत त्यावर रंगद्रव्याचा लेप चढतो.

तेव्हा रंग बाजूस ठेवून आपण कवचाचाच विचार करू. ते जवळजवळ सर्वस्वी चुनखडीचे असून त्यात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. अशी कोंबडी १८ ते २० आठवड्यांची झाली की अंडी घालू लागते, आणि उत्तम निगा राखल्यास वर्षाकाठी सुमारे ३०० अंडी देते. विद्यार्थिमित्रांनी गुणाकार करून पाहावा : केवळ कवचांसाठी ६०० ग्रॅम कॅल्शियम! तिच्या साऱ्या हाडांत मिळून ते २० ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे आपल्या सांगाड्याच्या तीसपट कॅल्शियम ती एका वर्षात आपणांस देऊन टाकते.

हे येते कोठून? अर्थात खाद्यातून. परंतु कवच घडण्यास सुमारे २० तास लागतात आणि त्यांतील बराच काळ रात्रीचा असतो. त्या वेळी कोंबडी काही खात नाही. मग हाडांच्या पोकळीतील राखीव साठा तिच्या उपयोगी पडतो. दिवसा हा साठा पुरता भरून निघाला नाही, तर हाडेच झिजू लागतात. कवच पातळ होते, आणि पुढे छातीचे हाड मोडण्याचीही भीती असते.

यावर उपाय साधा आहे. दुपारनंतर खाद्यात शिंपल्यांचा जाडसर चुरा मिसळावा. तो पोटात सावकाश विरघळतो आणि रात्रभर पुरतो. आमच्या गोव्यात तिसऱ्या खाऊन आपण जे शिंपले फेकून देतो, तेही याच चुनखडीचे बनलेले असतात.

अंड्याच्या रंगासाठी दोन पैसे अधिक मोजण्यास आपण तयार असतो. तेच पैसे कोंबडीचे खाद्य आणि निगा यांवर खर्च झाले, तर ते खरोखर सत्कारणी लागतील, असे आम्हांस वाटते.