कुष्ठरोग आणि शरीराचा प्रतिकार

बोटात काटा रुतून जागा पिकू लागली म्हणजे ती लाल होते, सुजते, तापते आणि ठणकते. ही चार लक्षणे रोमन ग्रंथकार सेल्सस याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नमूद केली. यांस दाह म्हणतात. दाह हा मुळात रोग नव्हे, तर शरीराचा प्रतिकार होय. रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तातील द्रव व पांढऱ्या पेशी बाहेर झिरपतात आणि जंतूंवर तुटून पडतात. जंतू नष्ट झाले की दाह शमतो. पण जंतू वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला, तर हाच प्रतिकार घातक ठरू शकतो. याचे बोलके उदाहरण म्हणजे कुष्ठरोग.

या रोगाचा जंतू नॉर्वेतील बर्गेन येथे हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधून काढला. तो विलक्षण मंदगती आहे. एकाचे दोन होण्यास त्याला सुमारे १२ ते १४ दिवस लागतात. त्वचा व तिच्या लगतचे मज्जातंतू हे शरीराचे तुलनेने थंड भाग त्यास मानवतात. ऊती जाळून टाकणारे विष तो निर्माण करीत असल्याचे ज्ञात नाही. मग हातापायांना विकृती येते ती कशाने?

जंतूचा संपर्क होऊनही बहुसंख्य लोकांना रोग होत नाही. ज्यांना होतो, त्यांच्यात दोन टोके दिसतात. एका टोकास पांढऱ्या पेशींचा प्रतिकार जोरदार असतो. अंगावर थोडेच बधिर चट्टे उठतात आणि त्यांत जंतू क्वचितच सापडतात. दुसऱ्या टोकास पेशींचा हा प्रतिकार जवळजवळ नसतोच. रक्तात प्रतिद्रव्ये विपुल असतात, पण जंतू पेशींच्या आत दडलेला असल्याने ती त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. जंतू अफाट वाढतात. बहुतेक रुग्ण या दोहोंच्या मधे कोठेतरी असतात. रिडली व जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये केलेले वर्गीकरण याच तत्त्वावर उभे आहे.

या मधल्या रुग्णांत प्रतिकार कधीकधी एकाएकी उसळतो. चट्टे लालभडक होऊन सुजतात, मज्जातंतू दुखू लागतात. मज्जातंतूभोवतीचे आवरण सहज ताणले जात नाही. त्यामुळे आतील सुजेने तंतूच चेपला जातो आणि काही दिवसांत हात किंवा पाय लुळा पडू शकतो. असा झटका पुष्कळदा उपचार चालू असतानाच येतो. औषधानेच बिघडले, असे वाटून रुग्ण गोळ्या सोडतो. हा समज स्वाभाविक असला तरी घातक आहे, कारण औषध जंतू मारीतच असते; इजा होते ती प्रतिकाराच्या उसळीने.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये शिफारस केलेली बहुविध औषधयोजना अशा वेळीही चालूच ठेवतात आणि दाह आवरण्यासाठी जोडीला प्रेड्निसोलोन देतात. येथे वेळेस फार महत्त्व आहे. शक्ती गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत उपचार झाल्यास ती परत येण्याची आशा बरीच असते; पुढे ती ओसरत जाते. रुग्णास हे नुकसान पुष्कळदा उशिरा उमगते. म्हणून आरोग्यसेवक दर भेटीत त्याचे डोळे झाकून तळहातावर व तळपायावर बॉलपेनचे टोक हलकेच टेकवितात आणि स्पर्श कोठे झाला ते बोटाने दाखविण्यास सांगतात.