घाबरलीस, आता परत जा

चि. मृणाल हिस,


तुझं पत्र पोचलं. जळीत विभागात पहिल्याच दिवशी ड्रेसिंगचा ट्रे ठेवून बाहेर पळालीस. आता नर्सिंग जमणार नाही म्हणतेस आणि देवावरचा विश्वासही उडाला म्हणतेस. आत्या म्हणून आणि जुनी नर्स म्हणून दोन शब्द लिहिते.

पळणारी तू पहिली नाहीस. बाबा आमटे रेल्वेत गोऱ्या सैनिकांशी एकट्याने भिडले, म्हणून गांधीजींनी त्यांना 'अभयसाधक' म्हटलं. तेच बाबा वरोऱ्यात पावसात पडलेल्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरोग्याला पाहून घाबरून पळाले. ते पळणं त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परत गेले, त्याच्यावर आडोसा केला, त्याची शेवटपर्यंत सेवा केली. पुढे कोलकात्याला जाऊन कुष्ठरोगावरचे उपचार शिकले. सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये एवढ्यावर कुष्ठरुग्णांसाठीचं आनंदवन उभं राहिलं. आधी भीती गेली आणि मग काम सुरू झालं, असं काही घडलं नाही. काम करता करता ती ओसरली.

तुझंही तसंच होईल. वेदनाशामक दिलंय ना, ते आधी बघ. काय करणार आहेस ते पेशंटला सांग. चिकटलेलं गॉज ओढू नकोस; सलाइनने भिजव, थांब आणि कडेकडेने सोडव. हात कामात गुंतले की पाय लटपटायचे थांबतात.

राहिला देव. दुःखाने माणूस मोठा होतो, असं भाजलेल्या बाईला चुकूनही सांगू नकोस. तिचं प्रारब्धही काढू नकोस. हे तिच्याच वाट्याला का आलं, याचं उत्तर मला कुठल्या पोथीत सापडलं नाही. पण रात्रपाळीला कण्हणाऱ्या बाईने हात घट्ट धरला की तिथून उठावंसं वाटत नसे. माझी श्रद्धा तिथेच रुजली. तुझी कुठे रुजेल ते तुझं तुला कळेल, घाई करू नकोस.

सोमवारी ड्यूटीवर जा. भीती वाटते हे सिस्टरना मोकळेपणाने सांग आणि पहिली काही ड्रेसिंग्ज त्यांच्यासोबत कर. वर्षभराने सोडावंसं वाटलं तर खुशाल सोड, मी तुझ्या बाजूने उभी राहीन. पण एका दिवसाच्या भीतीपायी सोडू नकोस.

तुझी,
आत्या