वडिलांची गाडी

(घरातील कर्ता माणूस गेल्यावर त्याची मालवाहू गाडी बरेच दिवस उभी राहिली, तर ती पुन्हा वापरात कशी आणावी, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे जंगलाचे जिल्हे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. या भागात गावे दूरदूर आहेत आणि रेल्वे मोजक्याच ठिकाणी पोहोचली आहे. मूल-सिंदेवाहीकडचा तांदूळ, आठवडी बाजारातला भाजीपाला, किराणा, लग्नाची भांडी हे सारे लहान मालवाहू गाडीतून जाते. तिला सगळे 'पिकअप' म्हणतात. अशा एका गाडीवर एक घर चालते.

मालक वारला की गाडी अंगणात उभी राहते. घरच्यांना तिच्याकडे पाहवत नाही आणि ती विकवतही नाही. एक पावसाळा जातो, दुसरा जातो. मग एखाद्या दिवशी मोठा मुलगा म्हणतो, "अब्बांची गाडी पुन्हा चालू करू या." त्याची इच्छा चांगली आहे. पण गाडी चालू होणे आणि ती रस्त्यावर नेण्याजोगी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सर्वांत आधी गाडी कोणाची, हे पाहावे. अब्बांनी ती कर्ज काढून घेतली असेल आणि काही हप्ते बाकी असतील, तर ते त्यांचे देणे आहे. शरीअतप्रमाणे मयताचे कर्ज आधी फेडायचे आणि मग वारसा वाटायचा. त्या वारशात आई, बहिणी, भाऊ या सर्वांचा हिस्सा असतो. मुले असताना पत्नीचा हिस्सा एक अष्टमांश ठरलेला आहे. म्हणून थोरल्याने किल्ली खिशात घातली की गाडी त्याची झाली, असे होत नाही. सर्वांनी बसून ठरवावे आणि ते कागदावर लिहून घ्यावे.

कायदाही हेच विचारतो. मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवले, तर वारसाला तीन महिन्यांपर्यंत ती गाडी वापरता येते. त्याच तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज द्यावा लागतो. कर्ज फिटले असेल, तर बँकेचे पत्र आणि नमुना ३५ देऊन नोंदणीपुस्तकातला बोजा उतरवावा. चंद्रपूरच्या गाडीवर 'एमएच ३४' आणि गडचिरोलीच्या गाडीवर 'एमएच ३३' असते. त्यावरून नोंद कोठे आहे ते कळते.

आता गाडीकडे वळू. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पावसाळ्यात हवा दमट असते. उन्हाने टायरचे रबर कडक होऊन त्याला भेगा पडतात. पाण्याने लोखंड गंजते. उंदीर वायरी कुरतडतात, वाळवी हौद्याच्या फळ्या खाते आणि कुंभारमाशी नळीच्या तोंडाशी घर करते. सीटखाली साप किंवा विंचूही असू शकतो. म्हणून झाकण उघडण्यापूर्वी काठीने ठोकून पाहावे.

पहिली तपासणी सांगाड्याची, म्हणजे चॅसीची करावी. मिस्त्री खाली शिरून हातोडीने ठोकतो. घट्ट लोखंड खणखणते. गंजलेले लोखंड बद्द आवाज करते किंवा त्याचे पापुद्रे सुटतात. सांगाडाच कुजला असेल, तर पुढचा खर्च वाया जातो. गंज घासताना चॅसीवर कोरलेला नंबर मात्र घासू नये. तो गाडीची ओळख आहे. अर्जासोबत त्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्यावा लागतो.

सांगाडा चांगला निघाला, तर पुष्कळजण लगेच इंजिन चालू करायला धावतात. तुम्ही तसे करू देऊ नका. गाडी आधी थांबली पाहिजे, मग धावली पाहिजे. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. असे तेल उतारावर तापले की त्यात वाफ होते आणि पाय दाबूनही ब्रेक लागत नाही. म्हणून जुने तेल काढून नवे भरावे, चाकांतील रबरी वाट्या बदलाव्यात आणि लायनर पाहावेत. हँडब्रेक, स्टिअरिंगचे सांधे आणि कमानपाटेही तपासावेत. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी त्याचे वय पाहावे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर.

यानंतर इंजिन. टाकीतले जुने डिझेल पूर्ण काढावे, कारण तळाशी पाणी आणि गाळ साचलेला असतो. टाकी धुऊन फिल्टर, इंजिन ऑइल, रेडिएटरचे पाणी आणि भेगाळलेले पाइप बदलावेत. चावी फिरवण्यापूर्वी इंजिन हाताने फिरवून पाहावे. ते जाम असेल आणि जोर लावला, तर आतले भाग तुटतात. डिझेलच्या नळीतली हवा काढल्याशिवाय इंजिन पकडत नाही. बंद पडवीत इंजिन कधीही चालू ठेवू नये. धुरातला विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. खाली भक्कम ठोकळे द्यावेत.

एवढे झाल्यावर दिवे, भोंगा, वायपर दुरुस्त करून योग्यता तपासणी करून घ्यावी. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला योग्यतेचा दाखला दरवर्षी घ्यावा लागतो. विमा आणि धुराचा दाखलाही हवा. विमा नसताना अपघात झाला, तर भरपाईचा भार घरावर पडतो आणि गाडीपायी घर रस्त्यावर येते. तसेच परवान्याशिवाय सागवान भरले, तर वनविभाग मालासह गाडीही जप्त करू शकतो.

'जुने ते सोने' ही म्हण प्रत्येक गाडीला लागू पडत नाही. १५ वर्षांहून जुन्या गाड्यांच्या तपासणीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून बरेच वाढले आहे. म्हणून मिस्त्रीकडून खर्चाचा अंदाज लिहून घ्यावा आणि गाडी वर्षभरात किती कमावेल याचा हिशेब आईसमोर मांडावा. हिशेब जुळत नसेल, तर गाडी मान्यताप्राप्त मोडतोड केंद्राला द्यावी. त्यात अब्बांचा अपमान नाही. त्यांनी गाडी घेतली होती ती घर चालावे म्हणून. ब्रेक नसलेल्या गाडीने कोणाचे मूल चिरडले, तर त्यांच्या नावाला बट्टा लागेल.

मित्रांनो, मालवाहू गाडी चालवायला वयाची २० वर्षे पूर्ण व्हावी लागतात. तोवर तुमच्या वाट्याला दुसरी कामे आहेत. कागदपत्रे एका पिशवीत लावून ठेवा, बदललेल्या भागांची वही लिहा, मिस्त्रीला पाना द्या आणि तो काय करतो ते पाहा. आवड वाटली, तर दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकता येईल. वडिलांची गाडी जपायची असेल, तर तिचे काम शिकणे हा चांगला मार्ग आहे.

शब्दार्थ
मयत – मृत व्यक्ती
बोजा – कर्जाचा भार. त्याची कागदावरील नोंद
हौदा – मालवाहू गाडीतील माल भरण्याची जागा
कमानपाटे – चाकांवरचे धक्के सोसणारे पोलादी पट्टे
बट्टा लागणे – बदनामी होणे
घर रस्त्यावर येणे – कुटुंबाला आधार न उरणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गडचिरोली जिल्हा केव्हा निर्माण झाला?
(आ) वारसा वाटण्यापूर्वी काय करावे लागते?
(इ) टायरवर '०८२१' असे असेल, तर तो केव्हा बनला?

२. कारणे लिहा.
(अ) ब्रेकचे जुने तेल बदलावे.
(आ) चॅसीचा नंबर घासू नये.
(इ) बंद पडवीत इंजिन चालू ठेवू नये.

३. 'गाडी आधी थांबली पाहिजे, मग धावली पाहिजे.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

४. 'वारस, मालक, कर्ज, दुरुस्त' हे शब्द उर्दूतही आहेत. मराठीत आणि उर्दूत 'दुरुस्त' हा शब्द कसा वापरतात, ते दोन्ही भाषांत एकेक वाक्य करून दाखवा.

उपक्रम : एका नाण्यावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या. गावातील मिस्त्रीला भेटून त्याच्या दहा अवजारांची नावे मराठीत लिहा.