लोणारच्या काठावर ताऱ्यांच्या रेषा

प्रश्न : साधा डीएसएलआर आणि १८-५५ लेन्स आहे. लोणारला रात्री ताऱ्यांच्या रेषा टिपता येतील का?
– एक वाचक, मेहकर

उत्तर : नक्की येतील. मात्र विवर हे अभयारण्य आहे; रात्री खाली उतरू नका, परवानगी असेल तिथूनच काठावरून फोटो काढा.

ट्रायपॉड भक्कम हवा. लेन्स १८ वर, अ‍ॅपर्चर ३.५, आयएसओ १६००, शटर ३० सेकंद. लाइव्ह व्ह्यूमध्ये ठळक तारा मोठा करून हातानेच फोकस करा. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा, नाहीतर रेषा तुटतात. केबल रिलीज लॉक करून तासभर सलग फोटो घ्या आणि ‘स्टारस्टॅक्स’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करा. तासात आकाश १५ अंश फिरते, तेवढी रेषा पुरते.

लोणार सुमारे २० अक्षांशावर आहे. म्हणून ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून २० अंशांवरच, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींइतका वर दिसतो. तो चौकटीत घेतला की वर्तुळे उमटतात, आणि खाली विवराची कडही मावते.

अमावास्येचा हट्ट नको. काळोखात सरोवर दिसतच नाही. शुक्ल पंचमीची कोर आधी पाणी उजळते, मग मावळते. पहिला सराव मात्र घरच्या गच्चीवर करा.