अब्लेशननंतर पुन्हा धडधड: पैसे कुठे घालावेत, कुठे थांबावं

हृदयाच्या बिघडलेल्या ठोक्यांसाठी अब्लेशन झालं, काही लाखांचं बिल भरलं आणि पंधरवड्याच्या आत छातीत पुन्हा तीच धडधड. घरात लगेच बोललं जातं, पैसे पाण्यात गेले, आता परत करावं लागणार. इतक्या लवकर यातलं काहीच ठरत नसतं.

एट्रियल फिब्रिलेशनसाठी, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतल्या बेशिस्त ठोक्यांसाठी अब्लेशन केलं असेल, तर भाजलेली किंवा गोठवलेली जागा भरून येईपर्यंत स्वतःच ठोके बिघडवते. पूर्वी यासाठी तीन महिने धरत. २०२४ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमतीने ही मुदत आठ आठवड्यांवर आली. तेवढ्या दिवसांतली धडधड अपयशात मोजत नाहीत. नाडी आधीपेक्षा थोडी जलद राहणं किंवा मधूनच ठोका चुकल्यासारखं वाटणं हेही नेहमीचंच. एसव्हीटीचं, म्हणजे अचानक सुरू होणाऱ्या जलद ठोक्यांच्या झटक्यांचं, मात्र वेगळं. तिथे बहुसंख्य रुग्णांना एकच अब्लेशन पुरतं. पूर्वीसारखाच झटका आला तर तो नोंदवून तज्ज्ञांना दाखवावा.

म्हणून पहिला खर्च पुराव्यावर करावा. धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्या. खासगीत त्याचे साधारण दोनशे ते पाचशे रुपये पडतात, सरकारी रुग्णालयात नाममात्र. थांबल्यावर काढलेला ईसीजी बहुधा नॉर्मल येतो. चोवीस तास ठोके नोंदवणाऱ्या होल्टरला शहरात साधारण दोन ते चार हजार लागतात, पण धडधड आठवड्यातून एकदाच होत असेल तर ते पैसे फुकट जाण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा अनेक दिवस छातीवर राहणाऱ्या पॅचबद्दल विचारा. तो महाग पडतो. घरात ईसीजी काढणारं स्मार्टवॉच असेल तर त्याची पीडीएफ डॉक्टरांना पाठवा, निम्मं काम होतं. यासोबत थायरॉइड आणि रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्यावं. या स्वस्त तपासण्या कधी कधी मोठा खर्च वाचवतात.

गोळ्यांच्या बाबतीत काटकसर नेमकी चुकीच्या जागी होते. ठोके सुधारले की लोक रक्त पातळ करणारी गोळी सोडून देतात. अब्लेशननंतर निदान दोन महिने ती घ्यावीच लागते आणि पुढे चालू ठेवायची की नाही हे ठोक्यांवर नव्हे, पक्षाघाताच्या धोक्यावर ठरतं: वय, मधुमेह, रक्तदाब. रक्त पातळ करणाऱ्या ॲपिक्सॅबॅनचं पेटंट २०२२ मध्ये संपल्यावर स्वस्त जेनेरिक आली आहेत, तेव्हा गोळी परवडत नसेल तर बंद न करता डॉक्टरांकडून ब्रँड बदलून घ्या. वॉरफरिन आणखी स्वस्त, पण रक्त किती पातळ झालं हे सांगणारा आयएनआर वारंवार तपासावा लागतो. ठोके नियमित ठेवणाऱ्या अमिओडॅरोनचंही तसंच: गोळी स्वस्त, पण थायरॉइड आणि यकृताच्या नियमित तपासण्यांचा खर्च त्यात धरायला हवा.

एका बाबतीत मात्र हिशेब बाजूला ठेवायचा. डाव्या कर्णिकेतल्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यातल्या अब्लेशननंतर पहिल्या दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणं, छातीत कळ, हात किंवा पाय लुळा पडणं यातलं काही झालं तर थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि अब्लेशन झाल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा. अब्लेशनमुळे अन्ननलिकेला इजा होणं दुर्मीळ आहे, पण जीवघेणं आहे. अशा वेळी छातीचा सीटी स्कॅन आधी करतात; एंडोस्कोपीने धोका वाढतो. चक्कर येऊन शुद्ध हरपली तरी तडक जायचं.

विम्यातली एक सोय अनेकांच्या नजरेतून सुटते. बहुतेक पॉलिसींत डिस्चार्जनंतरचे साठ किंवा नव्वद दिवस त्याच आजारावरची औषधं आणि तपासण्या मिळतात. म्हणजे जखम भरण्याच्या काळातला होल्टर, ईसीजी, गोळ्या यांचा बराचसा खर्च परत मिळू शकतो. प्रत्येक बिलासोबत डॉक्टरांची चिठ्ठी मात्र हवी. राज्य सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं पाच लाखांपर्यंतचं कवच असलं तरी आपली प्रक्रिया आणि ते रुग्णालय त्यात बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून दाखल होण्याआधीच विचारून घ्या.

आठ आठवड्यांची मुदत उलटल्यावरही नोंदलेली धडधड राहिली तर दुसऱ्या अब्लेशनचा प्रश्न येतो. मधल्या काळात शॉक देऊन लय सुधारता येते आणि त्याला अब्लेशनच्या मानाने फार कमी खर्च येतो. दुसऱ्यांदा बहुधा थ्रीडी मॅपिंग लागतं. खासगीत त्याचं बिल साध्या आरएफएच्या, म्हणजे मॅपिंगशिवायच्या रेडिओफ्रिक्वेन्सी अब्लेशनच्या, दुप्पट किंवा जास्तही होऊ शकतं. स्टेंटच्या किमतीला सरकारने २०१७ साली कमाल मर्यादा घातली, अब्लेशनच्या कॅथेटरला तशी नाही. तेव्हा अंदाजपत्रक लेखी मागा आणि त्यात कॅथेटर, मॅपिंग, भूल, खोली वेगवेगळं लिहून घ्या. कॅथेटर नवा की निर्जंतुक करून पुन्हा वापरलेला, हेही विचारा. वापरलेल्याला नव्याची किंमत देण्याचं कारण नाही. जुन्या अब्लेशनचा तपशीलवार अहवाल सोबत न्या. कुठे भाजलं, कुठे सोडलं हे त्यावरून दुसऱ्या डॉक्टरांना आधीच समजतं. तो पहिल्या रुग्णालयातून मागून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे.